पानाच्या डावीकडचं मीठ

ती. ताईस, वाकवेल तेवढं वाकून नमस्कार (फार वाकलं की गरगरतं, उरलेला मनाने घे).

तुझे गुडघे कसे आहेत? पोलादपुरात थंडी पडली असेल. आंबेनळीकडून वारा सुटला की अंगणात बसत जाऊ नकोस. फोन सोडून पत्र लिहितोय, कारण आमच्याकडे अनुपमा फोन स्पीकरवर लावते आणि मग तीच बोलते. (बायकोची तक्रार नाही, फक्त माहिती देतोय.)

माझं ब्लडप्रेशर तुला ठाऊकच आहे. गोळ्या वाढतात, ते काही उतरत नाही. महाडात नवे डॉक्टर आलेत, वयाने पोरगेले पण समंजस. म्हणाले, काका, मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी असते. ती हार्मोन जास्त सोडत असेल तर दोष तिचा, मग औषधही वेगळं. रक्त तपासलं की कळतं. पण ही तपासणी जावयासारखी मानी. अमुक गोळी आधी बदला, सकाळी उठून दोन तास हिंडा, आणि मीठ चारचौघांसारखं खा, नाहीतर आकडा खोटा येतो.

अनुपमाने दुसऱ्याच दिवशी पानात डावीकडे मीठ वाढलं. इतक्या वर्षांनी ती पांढरी चिमूट बघून मला भरूनच आलं. आमटी जरा फिकी वाटली. पण अळणी खाऊन खाऊन माझी जीभ भोळी झालीय, म्हटलं चारचौघांची आमटी अशीच लागत असेल. वरून घ्यायची सवय नाही, म्हणून पानातलं तसंच राहिलं. तपासणीच्या दिवशी चवदार तळ्याभोवती फेऱ्या मारल्या (भेटेल तो 'सर, बसा की' म्हणत होता) आणि रक्त दिलं. रिपोर्ट आला, ग्रंथी निर्दोष. अनुपमाने देवापुढे साखर ठेवली.

डॉक्टरांनी मात्र लघवीतलं मीठही मोजलं होतं. म्हणाले, काका, तुम्ही मीठ खाल्लेलंच नाही, हा रिपोर्ट धरता येत नाही. मी छातीवर हात ठेवून सांगितलं, अहो, रोज पानात असतं.

घरी येऊन विचारलं, तर ही कणीक मळतच राहिली. मग म्हणाली, आमटीत घातलंच नव्हतं. पानातलं तुम्ही घेत नाही, हे मला माहीत होतं. दत्ताभाऊजी लोणच्याची फोड मागून जेवले आणि संध्याकाळी गेले. ती फोड मी वाढली होती. आता एका कागदासाठी माझ्या हाताने तुम्हाला मीठ घालू?

ताई, आपला दत्तादादा त्या फोडीने गेला नाही, हे तिला कितीदा सांगितलं. एवढ्या मायेने मला आजवर कुणी फसवलेलं नाही.

बाकी सारं ठीक.

तुझा,
गंगाधर

ता. क. तपासणी परत करायची आहे. आठवडाभर ये आणि स्वयंपाक तू कर. तुझा हात खारट, हे साऱ्या भाऊबंदांना ठाऊक आहे. (रागावू नकोस, प्रथमच त्याचा उपयोग होतोय.)

आणखी ता. क. खरं तर मीठ काय, मीही घालून घेईन. पण दादाचं तू तिला सांग. तू त्याची सख्खी बहीण, तुझं ती ऐकेल.

वन्सं, नमस्कार. पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडेच दिलं. या. आमटीत मीठ तुम्ही घाला, मी तेवढा वेळ पाठ करून उभी राहीन. पण यांना वाढीन मीच.
अनुपमा