डी ड्राइव्हमधलं अंगण

आई,

आज आमच्या डेटा रिकव्हरीच्या ऑफिसात एक बाई हार्ड डिस्क ओढणीत गुंडाळून घेऊन आल्या. गाझियाबादहून. घरात कोणीतरी डिस्क फॉरमॅट केली होती आणि त्यात त्यांच्या शिवणक्लासचे सगळे नमुने होते. "मॅडम, कुछ बचा होगा क्या?" असं त्या माझ्याकडे न बघता डिस्ककडे बघत विचारत होत्या. मी म्हटलं, "बिल्कुल बचा होगा. बस, इसे अब चलाइएगा मत." हे मी इतक्या सहज बोलते की हाताखालच्या मंडळींना वाटतं, मॅडम भाव खातात. खातेच मी भाव, काम येतं मला. पण हेच पहिल्यांदा तुला सांगितलं होतं, तेव्हा मला त्याची निम्मीसुद्धा खात्री नव्हती.

दिल्लीत मयूर विहारच्या घरी तेव्हा नुकता कॉम्प्युटर आला होता. तू सरकारी ऑफिसातून रिटायर झाली होतीस. चार्टर्ड बस, साहेबांच्या नोट्स, टायपिंग, सगळं मागे पडलं होतं, आणि एका प्रकाशकाने मुलांसाठीचं ताऱ्यांवरचं पुस्तक मराठीत करायला तुला दिलं होतं. जन्मभर दुसऱ्यांचं टाइप केलं, हे माझं, असं तू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचीस. खालच्या मार्केटमधल्या कॉम्प्युटरवाल्याने तुला मंत्रच दिला होता: "आंटी, वायरस आया तो सी फॉरमॅट होगा. आप सब डी में रखिए, सेफ रहेगा." तेव्हापासून देवानंतर डी ड्राइव्ह. अख्खं पुस्तक तिथे. फ्लॉपीवर एक कॉपी काढून ठेव म्हटलं, तर म्हणालीस, "डी आहे ना." मग मशीन रखडायला लागलं, तो पुन्हा आला, आणि या वेळी त्याने सी आणि डी दोन्ही पुसून एकच मोठी ड्राइव्ह करून टाकली. "अब भागेगी, आंटी," असं खुशीत म्हणाला. काय झालंय ते कळायच्या आधी तू त्याला चहासुद्धा पाजलास.

संध्याकाळी मी नोएडाहून घरी आले तेव्हा तू स्वयंपाकघरात कणीक मळत होतीस. ती कधीच मळून झाली होती, तरी मळत होतीस. "डी कुठे गं गेली?" एवढंच विचारलंस. मला तुझ्या तोंडाकडे बघवेना. मी ओट्यावरच्या डब्यांकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, "समज, डब्यांवरच्या चिठ्ठ्या कोणीतरी काढल्यात. डाळी आतच आहेत." तू हात धुतलेस, बाहेर जाऊन कॉम्प्युटरचा प्लग भिंतीतून उपसलास आणि म्हणालीस, "मग त्या डब्यांत कोणी नवीन काही भरायचं नाही." बाबांनी त्यावर क्रिकेटचा स्कोअर बघायचं नाव काढलं, तर त्यांनाही बोलणी बसली.

रविवारी सकाळी आपण दोघी बसलो. जुन्या डिस्कला हात न लावता कॉम्प्युटर चालू करायला मासिकाबरोबर फुकट आलेली लिनक्सची सीडी, नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारातून आणलेली नवी डिस्क आणि समोर काळा स्क्रीन. आधी जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल नव्या डिस्कवर घ्यायची, मग जी काय शोधाशोध करायची ती नकलेवर. त्यासाठी एका ओळीची कमांड पुरते. ती लिहून मी एंटरवर बोट नेलं, तर तू म्हणतेस, "थांब. कंपेअर केलंस?" तुमच्या ऑफिसात टाइप केलेला कागद एकीने मोठ्याने वाचायचा, दुसरीने ताडून बघायचा, त्याशिवाय तो साहेबांपुढे जात नसे.

"आई, एक ओळ आहे यार."

"असू दे. वाच."

मी वैतागून वाचायला लागले. डीडी, म्हणजे नक्कल कर, मग आयएफ, म्हणजे जिथून घ्यायचं ते, एचडीबी. आणि मी एंटरवरचं बोट मागे घेतलं. एचडीबी तर नवी डिस्क होती, रिकामी. मी घेणं आणि ठेवणं उलटं लिहिलं होतं. एंटर दाबलं असतं, तर तुझं पुस्तक कोणालाही परत काढता आलं नसतं, आजच्या मलाही नाही. तुला यातलं काही कळलं नव्हतं. तू आपली म्हणालीस, "हं, पुढे." मी ओळ दुरुस्त केली, पुन्हा वाचली, आणि तू मान हलवल्यावरच एंटर दाबलं.

दुपारनंतर फाइली निघायला लागल्या. नावं गेलेली, नुसते आकडे. पहिली उघडली तर आत इंग्रजी अक्षरांचा कचरा. मी डोकं धरून बसले. तू चष्मा चढवलास, स्क्रीनजवळ सरकलीस, आणि टेबलावर तुझी बोटं टाइप केल्यासारखी हलायला लागली. "अगं, हे माझंच आहे. त्या सीडीत आपला मराठी फॉन्ट कुठून असणार?" आणि त्या कचऱ्यातून सरळ वाचलंस, "रात्री अंगणात उभे राहून वर पाहा." कुठल्या कीला कुठलं मराठी अक्षर, हे तुझ्या बोटांना पाठ होतं. मला तुझा इतका अभिमान वाटला की मी उठून आत पाणी प्यायला गेले.

छापलेल्या पुस्तकात अंगण नाही, गच्ची आहे. "दिल्लीच्या पोरांना अंगण कुठे माहीत असणार?" म्हणून तू बदललंस. पण डिस्कमधून सगळंच वर आलं होतं, तू स्वतः पुसलेलंही: तेच पहिलं वाक्य, पुन्हा पुन्हा, वेगवेगळं. तू संकोचलीस. "ते खोडलेलं आहे गं. तेवढं टाकून दे." मी म्हटलं, "चलो, टाकते."

त्या बाईंचे नमुने मिळतील, लक्षणं चांगली आहेत. माल परत दिला की गिऱ्हाइकाची नक्कल पुसायची, हा आमच्याकडचा नियम, तो मीच केलाय आणि त्यावरून सगळ्यांना धारेवर धरते. तू जाऊन इतकी वर्षं झाली, आणि हे पत्र काही कुठे जायचं नाही, म्हणून सांगते. तुझी नक्कल मी पुसली नाही. मशीन बदलत गेले, ती सोबत नेत गेले. अधूनमधून त्यातली एखादी फाइल उघडते. फॉन्ट लावत नाही. आता मलाही तसंच वाचता येतं.