बारा मिनिटांची फीत

२ मे १९८९, मंगळवार

माझ्या हातचं काय काय आहे ते आधी लिहितो. टाकीचं दार, ट्रकच्या ट्यूबमधून कापलेली त्याची रबरी गादी, जीपच्या वायपरच्या मोटरीवर फिरणारा पंखा, श्वासातला खराब वायू शोषणारे चुन्याचे ट्रे, घडीची खाट, आणि बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये चालणारं फितीचं यंत्र. विकत आणलं ते फक्त वेल्डिंगवाल्याकडचं ऑक्सिजनचं नळकांडं. त्याचीही चावी मी बदलून घेतली, कारण ती गळत होती आणि वेल्डिंगवाल्याला ते माहीत नव्हतं.

आज सकाळी राहायला आलो. अमळनेरबाहेरच्या बंद तेलगिरणीतली ही टाकी धुऊन-घासून घेतली तरी सरकीच्या तेलाचा वास सोडत नाही. पण मला आवडली. माझ्या धुळ्याच्या दुकानापेक्षा इथे जागा जास्त. बाहेरून पेंढ्याच्या गोण्या रचल्या आहेत, त्यामुळे ऊनही कमी आणि आवाजही आत येत नाही. तीन आठवडे काढायचे.

माणूस मंगळावर पाठवायचा तर लोक रॉकेटचं बोलतात. रॉकेट होईल. डब्यात बसलेल्या माणसाचं काय होईल, हा खरा प्रश्न. हवा, पाणी, घाम, यांवर मोठमोठे लोक काम करतात. बोलण्यावर कोणी करत नाही. तिथून इथे शब्द पोचायला कधी चार मिनिटं, कधी वीस. घरचं माणूस बोललं आणि ते आपल्याला मागाहून कळलं, तर मन तग धरतं का? हे मी पाहणार.

यंत्र सोपं आहे. प्रमिला माइकवर बोलते, ते फितीवर उतरतं. सूतगिरणीतून मागून आणलेल्या जुन्या बॉबिनांवरून चौतीस मीटर फीत फिरून दुसऱ्या डेकवर येते, तेव्हा मला ऐकू येतं. बारा मिनिटं. जाण्यायेण्याचा सगळा उशीर मी तिच्याच बाजूला टाकला. माझं बोलणं तिला लगेच पोचतं. यंत्र चालू असलं की आत लाल दिवा लागतो.

दार बाहेरून नटांनी कसलं आहे आणि पाना प्रमिलाजवळ. मंगळावर कंटाळा आला म्हणून दार उघडून घरी जाता येत नाही.

३ मे

गिरणीचा रखवालदार तोताराम काल नट कसताना म्हणाला, भाऊ, आधी आठला, म्हणजे इथले, उंदीर मारा, मंग मंगळ. आज तो लग्नाला पिंपळनेरला गेला. पंधरा दिवस येणार नाही. बरंच झालं.

मेहुणे मोतीलालभाऊंनी तर निघताना विचारलं होतं, मंगळावर निघालात, पण साक्रीच्या एस.टी.चे पैसे आहेत का खिशात? त्यांनीच जळगावची ती नोकरी आणली होती. मी नाही म्हणालो. मालक मला मेकॅनिक म्हणत होता. किती देत होते ते इथे लिहीत नाही. लिहिण्याइतकी ती रक्कम नाही.

प्रमिलाने तेव्हा फक्त खोल्या कशा आहेत ते भावाला विचारलं होतं.

५ मे

प्रकृती उत्तम. दिवा, पंखा ठीक. खायला शेंगदाणे, गूळ आणि प्रमिलाने केलेले बिबडे, ज्वारीचे पापड.

ती शेडच्या बाहेर खाटेवर नवे बिबडे वाळत घालते आणि मधून मधून माइकपाशी येते. तिचं बोलणं ठरलेलं. आयकं का, जेवनात का? आयकं का, पाणी शे ना? लग्नाला बावीस वर्षं झाली, माझं नाव तिने कधी घेतलं नाही. रेशनच्या दुकानातसुद्धा कार्ड पुढे करते आणि बोट ठेवते. ‘आयकं का’ हेच माझं नाव.

निघण्याआधी तिला सांगून ठेवलं होतं की मध्येच एकदा खोटं संकट सांग, मला न कळवता. मी डगमगतो का ते कळेल. आज तिने सांगितलं. शेडमध्ये साप निघाला म्हणाली. आणि लगेच हसली. ते हसूही बारा मिनिटं जुनं.

मी जागचा हललो नाही. तिला म्हटलं, सराव बरा झाला, पुढच्या वेळी हसू नकोस.

८ मे

ऊन फार आहे. आतूनही पत्र्याला हात लावून कळतं. ती म्हणाली, शेडमध्ये बसवत नही, निंबाखाली जाऊ का. मी म्हटलं, यंत्राजवळ कोणीतरी हवं, फीत बॉबिनवरून घसरते.

बारा मिनिटांनी उत्तर आलं. बरं.

१० मे

दुपारी सराव झाला. या वेळी चांगला केला. आवाज खोल काढला होता. आयकं का, माले चक्कर येस. डोयासमोर अंधारी येस. उघाडू का मी? मग पुन्हा, उघाडू द्या ना.

हसली नाही.

मी सांगितलं, फार छान, आता खरं वाटलं. नटाला हात लावू नकोस.

उत्तराची वाट पाहतो आहे.

१० मे, संध्याकाळ

फितीवर पत्र्याचा आवाज आला. काहीतरी पडल्यासारखा. मग फक्त डेकची घरघर. लाल दिवा चालू.

ती रुसली असेल. बारा मिनिटं, आणखी बारा. मी बोलतो आहे, ती ऐकते आहे. ऐकतच असणार.

११ मे

काल मी तिला शाबासकी दिली तेव्हा तिचे शब्द बारा मिनिटं जुने झालेले. तेवढ्यात तिने नट उघडला असता. ती विचारत बसली. मी विचारायला शिकवलं होतं.

दार ठोकलं. पान्याशिवाय होत नाही. मी बनवलेलं दार आहे. माझ्या हातचं.

तोताराम लग्नात.

१२ मे

आवाज आला. तिचाच. मी रडलो. जेवनात का, म्हणाली. मी विचारलं, प्रमिला, बरी आहेस ना? घड्याळ लावून बसलो. उत्तर आठ मिनिटांत आलं.

फीत चौतीस मीटर. डेकचा वेग मी स्वतः लावला आहे. आठ मिनिटांत येऊच शकत नाही.

मी आठेच शे, म्हणाली. इथेच.

१३ मे

तीन मिनिटं.

फीत तेवढीच आहे. उशीर कमी होतो तो एकाच कारणाने — बोलणारा जवळ येत असेल तर.

म्हटलं, नट उघड. पाना तुझ्याजवळ आहे.

सुकदेव, म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदा. प्रमिलाच्या आवाजात. सुकदेव, बाहेर कोनी नही.

१४ मे

लाल दिवा गेला. वीज नाही. यंत्र बंद.

आवाज चालू.

स्पीकरची तार तोडली. मग स्पीकर —

१५ मे

हवा जड झाली आहे. चुना हिशेबाआधीच संपला. आता उशीर नाही. माझा प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर. खाटेच्या पायथ्याकडून येतं. तिकडे पाहत नाही. बिबड्यांचा वास —

रागावलेली नाही. रागावली असती तर —

एकच विचारते. सुकदेव, किती देत व्हतात? लिही.

लिहितो, प्रमिला. जळगाव. पाइपांचा कारखाना. मेकॅनिकची जागा. राहायला दोन खोल्या, नळ घरात, स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी, पुढे निंबाची सावली. तू भावाला सगळं विचारलं होतंस. मी नाही म्हणालो. महिन्याला अठराशे रुपये, आणि दिवाळीला —