दगडातली खुडूक

तीर्थस्वरूप मावशीस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार (दगडाची धूळ झटकून केलेला). तुझे गुडघे काय म्हणतात? कोंबड्या मजेत ना? माझी तब्येत ठीक आहे. डोकं ठीक आहे का, ते पत्र वाचून तूच ठरव.

संग्रहालयातलं माझं काम म्हणजे सुईने दगड कोरून जुनी हाडं मोकळी करायची. सध्या टेबलावर शेळीएवढा डायनासोर आहे, कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेला, पोटाखाली अंडी. साहेबांनी पाटीही रंगवून घेतली: ‘अंडीचोर’. मी मात्र पाहताक्षणी ओळखलं. पाय दुमडलेले, दोन्ही हात अंड्यांवर पसरलेले, हातांच्या कडेला पिसांचे बारीक ठसे. मावशी, ही तुझी उबवायला बसलेली खुडूक कोंबडी! अंडी तिचीच. पक्ष्यांचं घराणं कुठून सुरू झालं, याचा एवढा सरळ पुरावा पुढ्यात पडलाय! तसं साहेबांना सांगितलं, तर त्यांनी पाटीचा रंग वाळला का एवढंच विचारलं.

आता त्यांना गुरुवारपर्यंत एक अंडं सुटं करून हवंय, कापून बघायला. नाहीतर मी गाशा गुंडाळायचा. सोमवारी मोजमापासाठी पोटाखाली बोटं घातली, तर दगड ऊबदार! (शेपटीकडचा गारढोण होता, मी दोनदा तपासला.) सुई टेकवली की खोलीत कुठेतरी घशातल्या घशात कुरकुर सुरू होते, सुई उचलली की बंद. पंखा बंद करून पाहिला. मग पाइप तपासायला प्लंबरला बोलावलं. तो टेबलापर्यंत आला, थोडा वेळ ऐकत उभा राहिला आणि पाना तिथेच टाकून निघून गेला. माझी तर पाचावर धारण बसली आहे. तिची भीती नाही वाटत गं, तिचं अंडं काढायची वाटते.

तुझा,
भाचा

ता. क. खरं काम आता सांगतो. तू खुडूक कोंबडीखालून अंडं काढतेस तरी तिला पत्ता लागत नाही. गुरुवारच्या आत ये.

ता. क. २. पत्र टाकायचं राहिलं, आज गुरुवार. अंडं मीच काढलं. तिने हूं की चूं केलं नाही. ते माझ्या मांडीवर आहे, गरम आहे, आणि सकाळपासून मला उठवतच नाही. साहेब न्यायला आले होते. त्यांच्या हाताला तीन टाके पडले. तू आता असशील तशी निघ, पण दारातूनच आवाज दे, आणि हात पुढे करू नकोस.