नदीपलीकडच्यासाठी चिखल

प्रिय आईस,
मदांगच्या इस्पितळातून तुझ्या मोनिकाचा प्रभूमध्ये सलाम.

मी बरी आहे. रताळी इथेही मिळतात, पण आपल्या मळ्याची चव नाही. तुझा गुडघा अजून दुखतो का? डुकरीण व्याली का?

माझ्या वॉर्डात नदीपलीकडचा एक जखमी आला होता. हो, ज्यांनी माझ्या भावाला, आपल्या सिउनेला मारलं, त्यांच्यातलाच. सोबतची नर्स म्हणाली, "मरू दे की मेल्याला!" मी त्याला पाणी पाजत राहिले. मंगळवारी तो गेला. त्याच्यासाठी रडायला इथे कुणीच नव्हतं.

मग सिउनेच्या दुखवट्यात फासला होता तसाच अंगाला चिखल फासून मी शवागाराबाहेर रडत बसले. इथे कामाला असलेली आपल्या गावची माणसं माझ्यासमोर थुंकून गेली. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच तुला सांगते.

रागावू नकोस. पोटातल्या लेकरांचे जीव वाचावेत म्हणून तू दर रविवारी त्याच दुखऱ्या गुडघ्यावर बसून प्रार्थना करतेस. हाही कुणाच्या तरी पोटातच वाढला होता ना गं?

जाताना तो आपल्याच बोलीत आईला हाका मारत होता. सिउनेनेही मारल्या असतील, आणि तू तिथे नव्हतीस.

म्हणून मी ओ दिली.

तुझीच लेक,
मोनिका