लायसन्सवाला समजून

प्रिय ट्रेवर,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र थेट कचऱ्यात टाकू नकोस. बाबांच्या अंत्यविधीनंतर फोनवर भांडलो, तेव्हापासून आपण एकमेकांशी एक शब्द बोललेलो नाही, आणि ते तसंच राहावं असं मला वाटत नाही. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर मी एकदा बडबडत सुटले की मुद्द्याचं राहून जातं, ते तुला माहीतच आहे. रागात लिहितेय, पण हा राग तुझ्यावरचा नाही. माझं डोकं फिरवलंय ते टीव्हीच्या लायसन्सवाल्यांनी. शेवटपर्यंत वाच, एवढंच मागणं आहे.

बाबा गेले आणि मी टीव्ही चर्चच्या जुन्या वस्तूंच्या विक्रीला देऊन टाकला. शेवटी शेवटी ते दिवसभर घोड्यांच्या शर्यती लावून बसायचे, तेही कान किटतील एवढ्या आवाजात. घरात शांतता हवी होती मला. टीव्हीच्या जागी आता जिरॅनियमची कुंडी आहे. मला रेडिओ पुरतो, वाचनालयातली पुस्तकं पुरतात, विणकाम आहे. आता तूच सांग, जिच्या घरात टीव्हीच नाही तिने दरवर्षी पैसे भरून टीव्ही बघायचं सरकारी लायसन्स कशाला काढायचं? घरात मांजर नसताना मांजराचं खाणं आणतं का कोणी? पण नाही! पाकिटावर पाकीट येतंच आहे. वर माझं नावसुद्धा नाही, ‘कायदेशीर रहिवासी’ म्हणे. सगळा जन्म या बार्न्स्लीत गेला, शाळेच्या स्वयंपाकघरात अर्ध्या गावाच्या पोरांना कस्टर्ड वाढलं, आणि ह्यांच्या लेखी मी रहिवासी! आधी गोड भाषा, मग लाल अक्षरं, मग ‘चौकशी सुरू झाली आहे’, मग ‘आमचा माणूस कधीही येऊ शकतो’. फोन केला तर आधी ते टुणटुण संगीत ऐकत बसा. शेवटी एक पोरगी बोलली. टीव्ही नाही म्हटल्यावर तिला काही केल्या पटेना. मग तुम्ही संध्याकाळी करता काय, म्हणाली. मी म्हटलं, तुमची पत्रं वाचते, बाई! बरं, नोंद करते, म्हणाली. काही काळ सगळं शांत. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू, कारण नोंदीची मुदत संपली होती. म्हणजे मी टीव्ही बघत नाही हे मी मरेपर्यंत पुन्हा पुन्हा नव्याने सांगत राहायचं. अरे, जे करत नाही त्याचा पुरावा माणसाने द्यायचा तरी कसा?

आणि गंमत बघ. आपल्या लहानपणी घरात टीव्ही होता आणि लायसन्स नव्हतं, तेव्हा कोणी आलं नाही. चोरून चालणारे टीव्ही हुडकायला फिरणारी लायसन्सवाल्यांची ती गाडी, छपरावर गरगर फिरणारं यंत्र लावलेली, आठवते तुला? वरच्या कोपऱ्यावर दिसली की शेजाऱ्यांचे इशाऱ्याचे ठोके एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर जायचे आणि सगळी गल्ली अंधारात. आई टीव्हीवर टेबलाचं कापड टाकायची, वर चिनी मातीचा कुत्रा ठेवायची आणि आपल्याला सोफ्यामागे आडवं करायची. तू हुंदके द्यायचास. त्या यंत्राला माणसाचा श्वाससुद्धा ऐकू येतो, असं तुला कुणीतरी सांगितलं होतं. मी तुझ्या तोंडावर हात दाबून धरायची. तुझं नाक वाहत असायचं, सगळं माझ्या हाताला. शी! पण हात काढला नाही मी कधी. तेव्हा आपण चोर होतो आणि सुटलो. आता मी धुतल्या तांदळासारखी आहे, तर माझ्यामागे हात धुऊन लागलेत.

आता तुझ्यावरचा तो जुना राग. बाबांचं कबुतरांचं घड्याळ, शर्यतीतल्या पक्ष्यांची वेळ नोंदवायचं, तू न विचारता नेलंस. अंत्यविधीला आलेल्या लोकांना मी हॅमची सँडविचं वाढत होते, आणि कपाटावरून घड्याळाची ती लाकडी पेटी गेली. आजारपणात बाबांना उचलून बसवलं मी, भरवलं मी, आणि घड्याळ तुझ्या गाडीत! फोनवर तू म्हणालास, तुला कबुतरांतलं काय कळतं. मी जे म्हणाले ते इथे लिहीत नाही. खरं सांगू, मला ते घड्याळ कशालाच नको होतं. शनिवारी शर्यतीचा पक्षी यायच्या वेळी परसात आपण तिघं कसे उभे असायचो, तेवढं मला हवं होतं. पक्षी बुजू नये म्हणून शेजारणी दोरीवरचे कपडे आत घ्यायच्या. बाबा दाण्याचा डबा हलकेच वाजवायचे. पक्षी शेकडो मैल उडून यायचा आणि नेमका छपरावर बसून राहायचा. तो आत येऊन पायातली शर्यतीची रबरी कडी निघेपर्यंत आणि ती घड्याळात पडेपर्यंत तो आलाच नाही असं धरायचे. त्या वेळी कुणी साधं खोकलं तरी बाबांचे डोळे असे व्हायचे! एकदा मी ओरडले, ‘आला, आला!’ तर पक्षी भुर्रकन उडाला पलीकडच्या धुरांड्यावर, आणि बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

असो. तर लायसन्सवाले. शेजारच्या बेरिलने मला पढवून ठेवलं होतं. आयरीन, दार उघडायचंच नाही, म्हणाली. वॉरंट नसेल तर ते आत पाऊल टाकू शकत नाहीत. दारातल्या पत्र टाकायच्या फटीतून बोल आणि हाकलून दे. बेरिलच्या बोलण्यावर मी सहसा जात नाही, पण हे मात्र मनावर घेतलं. दाराला कडी, जाळीचे पडदे ओढलेले, बेल वाजली की मी चिडीचूप. स्वतःच्या घरात लपून बसायचं या वयात!

गेल्या आठवड्यात मी पेस्ट्रीचं पीठ लाटत होते, रेडिओ जोरात होता, आणि दारावर थाप पडली. पडद्याआडून बघते तर गडद कोट, पांढरी दाढी, आणि काखेत काळ्या पिशवीत चौकोनी पेटी, तिची मूठ बाहेर आलेली. मी मनात म्हटलं, आला मेला, यंत्रच घेऊन आला! एवढ्या वर्षांचा सगळा संताप एकदम उसळला बघ. पिठाच्या हातांनी फटीचं झाकण उचललं. बाहेरून कुणीतरी घोगऱ्या, फाटक्या आवाजात म्हणालं, ‘अगं, मी आहे.’ आणि मी ओरडले, ‘कोण आहात ते मला चांगलं ठाऊक आहे! एवढी वर्षं छळलंत ते पुरे झालं. ती पेटी उचला आणि चालते व्हा, पुन्हा या दारात दिसलात तर बादली ओतीन!’ पावलं दूर गेली. मी विजयी वीरासारखी परत येऊन पेस्ट्री लाटली. बेरिलला सांगून दोघी हसायचं असं ठरवलं होतं, पण हाक मारली तर तिचं दार बंद.

बेरिल लेकीकडे गेली होती, ती काल परत आली. आली ती हातात ती पेटी घेऊनच. त्या दिवशी ती बॅग उचलून निघतच होती, तेव्हा तू तिच्या कुंपणावर दम घेत बसला होतास म्हणे. तिची बस सुटत होती, म्हणून पेटी घरात ठेवून ती तशीच पळाली. ती म्हणाली, वाळून काटकी झालाय, दाढी वाढवलीय, गळ्याचं ऑपरेशन झालंय त्याचं, बोलायला त्रास होतो. आणि तू तिला म्हणालास, ‘आयरीनला दे. तिचा आवाज अजून तसाच आहे, माझाच गेला.’ अरे ट्रेवर! तुझा आवाज मी झोपेतसुद्धा ओळखीन असं जगाला सांगत आले, आणि तू माझ्या दारात येऊन ‘मी आहे’ म्हणालास तर मी तुला लायसन्सवाला समजले रे! छपरावर आलेल्या पक्ष्यावर ओरडायचं नसतं, हे मला बाबांनी शिकवलं होतं, आणि मी ओरडले. ते सगळं लायसन्सवाल्यांना होतं, तुला त्यातलं एक अक्षरही नव्हतं, हे सांगायला हे पत्र. घड्याळ मला नको. कपाटावर ठेवलंय, ते न्यायला तू ये. शनिवारी ये. बोलू नकोस, नुसता बस. बोलायला मी आहे. कालपासून मी दाराची कडी लावत नाही. लायसन्सवाला आत आला तर येऊ दे, त्यालाही चहा देईन, सगळ्या खोल्या बघ म्हणेन. पण तू आलास आणि दार बंद, असं पुन्हा व्हायला नको.

वाट बघत,
तुझीच,
आयरीन