न वाजणारं सुकाणू

जव्हार,
रविवार, ता. १७ नोव्हेंबर १९५७

प्रिय ढवळू यास,

कुतुबुद्दीन मिस्त्रीचा सलाम आणि राम राम.

तुझं पत्र मंगळवारी पोचलं. मास्तर झाल्यापासून तुझं अक्षर सुधारलंय. पोस्टमनने पत्ता एका दमात वाचला. पोशेऱ्याला नागली चांगली आली हे वाचून बरं वाटलं. इकडे सगळे खुशाल. शहरबानोचा गुडघा दुखतो, तरी बाजाराला चालत जाते आणि आल्यावर दोष मला देते. दुकान चालू आहे. हल्ली गिऱ्हाईक कुरकुरतं की मिस्त्रींच्या हातची दारं सैल बसतात. बसतात खरी.

दहा वर्षांत तू मला एक ओळ लिहिली नव्हतीस, मीही तुला नाही. आता लिहिलंस ते आईसाठी. धोंडीबाईंना गेलेल्या नवसूच्या नावाचा कोरीव खांब, त्याचा वीर, बसवायचाय, आणि त्याला लाकूड हवंय ते माझ्या दुकानात टांगलेल्या सुकाणूचं. सागवान आहे, छातीभर उंच आहे, त्यावर चंद्र-सूर्य आणि घोडेस्वार छान कोरता येईल, आणि शिवाय तुझ्या भावाच्या शेवटच्या नावेचं आहे. सगळं बरोबर लिहिलंयस. पण त्याखाली तू आईचे शब्द घातलेस: ‘दारूत मेला म्हणून इतकी वर्सा त्याचा वीर नाय बसवला. आता राग नाय ऱ्हायला. मी त्याला माफ केला.’

ते वाचून मी पत्र रंध्याखाली ठेवलं. पाच दिवस त्या रंध्याला हात लावला नाही.

तुला ती जोडनाव आठवत असेल. दरबारातल्या एका साहेबांनी विलायती मासिकात चित्र पाहिलं आणि तलावावर तसली नाव हवी म्हणाले. दोन अरुंद होड्या, मध्ये फळ्या, एक डोलकाठी, मागे मोठं शीड आणि पुढे लहान तिकोनी. होड्या नवसूने कोरल्या, कारण पाण्यातलं लाकूड त्यालाच कळायचं. सांधे माझे. प्रत्येक होडीला मागे एक सुकाणू, आणि दोन्ही एकदम वळावीत म्हणून मध्ये आडवी काठी. डहाणूचा म्हातारा तांडेल आठ दिवस नाव हाकायला शिकवायला आला होता. जाताना मला म्हणाला, “सुकाणूच्या खुंटीभोवती एक नख जागा ठेव. खडखडलं तरी चालेल, अडकता कामा नये.”

आता मी सुतार. खडखडणारा सांधा ही आमच्याकडे नामुष्की. त्यातून साहेबांच्या पाहुण्यांपैकी कोणीतरी हसून म्हणालं की ही नाव आहे की बैलगाडी. ते मला लागलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना नाव दाखवायची होती. त्या सकाळी मी खुंट्या ज्यांत फिरतात त्या दोन्ही कड्यांत चामड्याची पट्टी ठोकून बसवली. आवाज बंद झाला, आणि मी खूश झालो.

नवसूने ते पाहिलं होतं. तो म्हणाला, “कुतुबभाय, चामडा पाण्यात फुगंल ना. वहाण नाय फुगत पावसात?” मी म्हटलं, तू तुझी दोरी धर, मला सुतारकाम शिकवू नको. तो हसला आणि पुढल्या शीडाची दोरी धरायला गेला.

ढवळू, चौकशीत मी सांगितलं की नवसूने दोरी सोडली नाही म्हणून नाव कलंडली. त्यात खोटं काही नाही. त्याने दोरी सोडली नाही.

पण पुढचं ऐक. दोन होड्यांची नाव वळायला जड असते. वाऱ्याला तोंड देऊन वळताना मध्येच थबकते. तेव्हा पुढलं शीड लगेच सोडायचं नसतं. ते उलट्या बाजूलाच ओढून धरायचं, म्हणजे वारा त्यावर आदळून नाक फिरवतो. नाक फिरलं की सुकाणूवरच्या माणसाने सांगायचं, सोड. सुकाणूवर मी होतो. तलावाच्या भिंतीजवळच्या खोल पाण्यात वळायला गेलो आणि सुकाणूंची आडवी काठी हलेना. चामडं फुगलं होतं. मी दोन्ही हातांनी ओढत होतो, तेवढ्यात डोंगरावरून वारा उतरला. नवसूने विचारलं, “सोडू का?” काठी अडकलीय हे त्याला दिसत होतं. मी म्हटलं, “धर.” काठावर साहेब होते, पाहुणे होते, आणि मला वाटलं आणखी एक हिसका दिला की सुटेल. त्याने दोरीचा आणखी एक वेढा हाताला घेतला. नाव कलंडली. तो दोरीसकट शीडाखाली गेला, मी फळीला लटकलो.

दारूचं मी बोललो. कोणी विचारलंही नव्हतं. कारकून लिहीत होता आणि माझ्या तोंडून निघालं, सकाळी घेतली होती वाटतं. त्याने लिहून घेतलं. वर्षभरात संस्थान विलीन झालं, कागद कुठे गेले कोण जाणे. पण पोशेऱ्यात ते वाक्य राहिलं, तुझ्या आईच्या घरात राहिलं. नवसूने त्या दिवशी आमच्याकडचा चहा घेतला होता, दुसरं काही नाही.

दुसरं सुकाणू त्या दिवशीच तुटून तळाला गेलं. नाव मोडीत निघाली तेव्हा हे सुकाणू मी आठवण म्हणून घेतलं, असं लोक म्हणतात. कुणी कडीत बोट घालून पाहू नये म्हणून घेतलं. कडी-खुंटीसकट भिंतीला टांगलं. वारा आला की दुकानात करवती वाजतात, पत्रे वाजतात, ते मात्र वाजत नाही. त्याच्याकडे पाठ करून बसलो तरी मला कळतं की ते वाजत नाहीये. फळीवर रेघ मारायला रंगाची दोरी ताणतात ना, पलीकडचं टोक धरणारा विचारतोच, सोडू का. मी आता पलीकडे खिळा ठोकतो. कोणाला दोरी धरायला देत नाही.

आज सकाळी ते चामडं काढलं. दगडासारखं झालं होतं, पटाशी लावावी लागली. मग दार उघडलं तर सुकाणू खडखडलं. शहरबानोने आतून विचारलं, “काय वाजतंय?” मी दौत-कागद घेऊन बसलो. तिला हे पत्र लिहून झाल्यावर सांगणार आहे. ती पहिली नव्हे, आधी तुम्ही.

सुकाणू उद्या मोखाड्याच्या मोटारीवर चढवतो. चामडं त्याला बांधून देतो. आईला हे पत्र सगळं वाचून दाखव, मधलं गाळू नको. त्या लाकडाचा वीर करायचा की चुलीत घालायचं, त्यांनी ठरवावं. मी बोलवल्याशिवाय येणार नाही, बोलवलं तर पळणार नाही. गावपंचांसमोर हेच सांगेन. आणि त्यांना म्हणावं, नवसूला केलेली माफी परत घ्या. ती त्याला लागत नव्हती. मला द्या असंही मी म्हणत नाही.

एकच मागणं आहे. वीर कुठल्याही लाकडाचा बसवा, पण बसवाल तेव्हा नवसूला माझा निरोप द्या. म्हणावं, कुतुबभायने सांगितलंय, सोड.

तुमचा गुन्हेगार,
कुतुबुद्दीन