सरपणातलं फुरसं

प्रिय इमरती,

फोन केला की तुझ्या सासूबाई "कामात आहे" एवढंच सांगतात, म्हणून लिहायला बसले. अक्षर वेडंवाकडं आहे, लावून घे. तुझ्या बापूंना शेताच्या कडेला आपल्या रीतीने मातीत ठेवलं त्याला अडीच महिने होत आले. तिसऱ्या दिवशी तू गेलीस, ती आपल्या ढाणीकडे, या वस्तीकडे, फिरकली नाहीस. जावईबापू परवा येऊन गेले. म्हणाले, "चुलीवरची भाकरी दिसली की ताट सरकवते. ‘मीच बापूंना लाकडं आणायला लावलं’ म्हणते." ऐकून मला काहीच वाटलं नाही. हल्ली कशाचंच काही वाटत नाही. त्यांना चहा करून दिला आणि गायीला पाणी दाखवलं.

अंगणात सगळे आहेत तसे आहेत. उन्हं तापली की खेजडीच्या झाडाखालचा तो सांडा सरडा बिळातून तोंड काढतो. बापूंसमोर तासभर पसरायचा, मला बघून पळतो. दिवेलागणीला तो अंगाचा काट्यांचा चेंडू करणारा चिमुकला जीव कुंडीवर पाणी प्यायला येतो. वाळूतल्या उंदरांनी बापूंच्या मातीवरसुद्धा बिळं पाडलीत. शेजारचे किस्तूरोजी म्हणाले, "भाभी, बुजवून टाकू का?" मी नको म्हटलं. रडू मात्र येत नाही. रोज दोघांच्या भाकऱ्या थापते आणि दुसरी कुत्र्याला घालते.

याच उंदरांवरून आमचं वाजलं होतं, तुला ठाऊक नाही. तू येणार म्हणून मी अंगण सारवायला घेतलं. हे आडवे आले. "थांब, बिळात पिल्लं आहेत, आठवडाभराने सारव." मी चिडले. म्हटलं, "मुलगी वर्षाने येतेय, आणि तुम्हाला उंदरांचं बाळंतपण! करा मग त्यांच्याशीच संसार!" त्यावर हे हसले, म्हणाले, "ती तुझ्यापेक्षा कमी बोलतात." झालं, मी तोंडाला कुलूप लावलं. तीन दिवस एक शब्द नाही. ताट पुढे सरकवायचं आणि उठायचं. म्हाताऱ्या माणसांचा अबोला, बाई, त्याला कोण सोडवणार?

मग तू आलीस, चुलीवरची बाजरीची भाकरी मागितलीस. एरवी "अगं, लाकडं आण" म्हणून यांनी मलाच हाक मारली असती. अबोला होता, म्हणून हे स्वतः उठले. जन्मभर केलं तेच केलं. काही जिवंत जळू नये म्हणून एकेक लाकूड हातात घेऊन झटकत बसले. तिसऱ्या की चौथ्या लाकडाला फुरसं चावलं आणि ओरडले. किस्तूरोजी काठी घेऊन धावले, तर हे जागच्या जागी बसून म्हणाले, "सोड त्याला. त्याचा काय दोष? मीच न बघता हात घातला." दवाखान्यात चार दिवस तेच सांगत राहिले. सगळ्यांनी ते खरं मानलं.

इमरती, ते फुरसं मी आदल्या दुपारी पाहिलं होतं. सरपणात वेटोळं घालून अंग घासत होतं. अशी जनावरं हेच चिमट्याने उचलून लांब सोडायचे. मी सांगायला म्हणून दारापर्यंत गेले. हे खाटेवर बसले होते, माझ्याकडे बघून हसले. मला वाटलं, मी का आधी बोलू? मागे फिरले. दवाखान्यातही सांगितलं नाही. तेव्हा त्यांनी माझा हात धरून विचारलं होतं, "अजून रागावलीस?" मी मानेनेच नाही म्हटलं आणि त्यांचं पांघरूण सारखं केलं. तुझ्या भाकरीने काही झालेलं नाही. हे वाचून माझं तोंड बघू नयेसं वाटलं, तर येऊ नकोस. पण आज ताट सरकवू नकोस. जेव.

तुझीच,
माय